बांगड्या कुणी फोडायच्या?

गेल्या हिवाळ्यात बेळगाव परिसरातल्या एका गावच्या मराठी साहित्य संमेलनात कॉलेजच्या चार मुलींनी दोन सत्रांच्या मधल्या वेळात एक छोटा प्रयोग केला, आणि त्यावरून उठलेला धुरळा अजून खाली बसलेला नाही. उद्घाटन आटोपलं होतं, ग्रंथदिंडीतल्या बायका मंडपात टेकल्या होत्या, कथाकथनाचा पाहुणा अजून वाटेत होता. मुली प्रेक्षकांतूनच उठून आल्या. एकीच्या हातात जोगवा मागायची परडी, दुसरीच्या काखेत देवीच्या गाण्यांना वाजवायचं चौंडकं, तिसरीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा, चौथीकडे नुसती वही. वहीतलं एक वाक्य वाचलं की दगडावर एक बांगडी फुटायची. वाक्यं सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला सोडलेल्या, म्हणजे देवदासी केलेल्या, बायकांच्या तोंडची होती: देवीला सोडताना गळ्यात मणी बांधले तेव्हा वय काय होतं, पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, त्या मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव काय लिहिलं. बांगड्या संपल्या आणि मुली काही न बोलता खाली उतरल्या. टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या रांगांतले काही जण तर मध्येच उठून गेले होते.

त्या रात्रीपासून गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आणि नंतर स्थानिक दैनिकांच्या वाचकपत्रांत जे चाललं आहे त्याला चर्चा म्हणायला जीभ रेटत नाही. एक बाजू म्हणते, देवीची विटंबना झाली, साहित्याच्या व्यासपीठावर असले तमाशे कशाला? (तमाशा हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांनी निदान मराठी संस्कृतीच्या नावानं गळा काढू नये. पण ते असो.) दुसरी बाजू म्हणते, कलेला स्वातंत्र्य आहे, ज्यांना खुपलं ते सगळे पुरुषसत्ताक. एकमेकांना इतिहास शिकवण्याची आणि पाकिस्तानात पाठवण्याची फेरीही होऊन गेली. एवढ्या मजकुरात वहीतल्या त्या वाक्यांबद्दल, ती ज्यांची होती त्या बायकांबद्दल, मला एक ओळ सापडली नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. बाईनं स्वतःचं अंग आणि स्वतःचं लिहिणं चारचौघांत आणून निषेध करणं हे पुरतं राजकारण आहे, आणि सीमाभागात त्याची जास्तच गरज आहे. कारण बाईच्या अंगावर चारचौघांत काय काय करायचं याची इथली परंपरा जुनी आणि भरभक्कम आहे. मात्र अशा प्रयोगाला सभ्यतेची किंवा निव्वळ कलेची मोजपट्टी लावून हाती काही लागत नाही. विचारायचं ते असं, की ज्या बाईच्या जगण्यावर प्रयोग उभा आहे तिचा त्यावर हक्क किती, आणि तो संपल्यावर तिच्या पदरात काय पडतं? असं विचारलं की त्या मुलींचा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो, आणि अपुराही.

विटंबनेचा मुद्दा आधी घेऊ. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडून एसटीच्या गाड्यांवर गाड्या येतात. यल्लम्मा म्हणजेच रेणुका. तिचा नवरा जमदग्नी मारला गेला, ती विधवा झाली, म्हणून देवीला सोडलेल्या बायकांनीही त्या दिवशी विधवा व्हायचं अशी रीत. लोक या दिवसाला रांडाव पौर्णिमा म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना कुणाची जीभ अडखळत नाही. जोगतीण, म्हणजे अशी देवीला सोडलेली बाई, हात पुढे करते, बांगड्या फोडल्या जातात, कपाळ पुसलं जातं. पायऱ्यांच्या फटींत हिरव्या काचेचा कच साचतो आणि अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्याला टोचत राहतो. माघात चुडा पुन्हा भरायचा, पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा फोडायचा. आता हे पूर्वीइतकं उघड होत नसेल, पण पिढ्यान्‌पिढ्या ते हजारोंच्या देखत झालं आणि भाविकांतल्या कुणाला त्यात देवीची विटंबना दिसली नाही. मग तीच बांगडी, तसलाच दगड आणि तीच परडी संमेलनाच्या मंडपात आली तर आभाळ का कोसळावं? फरक इतकाच होता की इथं फोडणारीनं ती आपल्या हातानं, आपल्या मर्जीनं आणि कारण सांगून फोडली.

आणि सभ्यता? डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या वंटमुरीत काय झालं ते इतक्यात विसरलो का आपण? मुलगा एका मुलीला घेऊन पळाला म्हणून त्याच्या आईला घरातून ओढून काढलं, विवस्त्र केलं, तिची धिंड काढली आणि तिला विजेच्या खांबाला बांधलं. त्याच दिवसांत बेळगावच्याच सुवर्णविधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलेलं होतं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि नुसते बघत राहिलेल्यांनाही खडसावलं. धिंड हा प्रयोगच असतो. त्याला जागा लागते, वेळ लागते, वाजतगाजत नेणारे लागतात, आणि बघे नसतील तर तो फुकट जातो. बंद खोलीत कुणी कुणाची धिंड काढत नाही. केशवपन, कपाळ पुसणं, देवाला सोडणं, डाकीण ठरवून गावाबाहेर काढणं, हे सगळे बाईच्या अंगावर भर वस्तीत बसवलेले प्रयोग. रंगमंच बायकांनी आणला नाही. तो होताच. त्यांनी फक्त त्यावरची भूमिका नाकारली, नाहीतर उलटी करून दाखवली.

ही उलटी करण्याची रीत पुण्या-मुंबईच्या पोरींनी इंग्रजी पुस्तकांतून आणली, असं एका वाचकपत्रात आहे. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ म्हणणारी जनाबाई कुठल्या विद्यापीठात शिकली होती? बाराव्या शतकात अक्कमहादेवी राजवैभव आणि वस्त्रं टाकून केस पांघरून निघाली, आणि आज कर्नाटकातल्या शाळांत तिची वचनं मुलं पाठ करतात. नोव्हेंबर १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं विस्तवाचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई ते हातात घेऊन पुढे चालल्या. त्या चालण्यात किती पुराणं एकदम मोडली असतील! डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा बाबासाहेबांनी बायकांना लुगडं नेसण्याची जातीची खूण सांगणारी पद्धत सोडायला सांगितलं, आणि बायकांनी ती लगोलग सोडली. पुरुषांनी ग्रंथ जाळला त्याची आठवण आपण ठेवतो. त्याच मुक्कामात निऱ्या घोट्यापर्यंत आल्या, हे मात्र अभ्यासकांपुरतं राहिलं.

आता विरोधकांच्या बाजूनं जे खरोखर वजनदार आहे ते पाहू, कारण त्यांच्या पत्रांतून ते नीट आलेलंच नाही. शिमोगा जिल्ह्यात चंद्रगुत्तीला, रेणुकेच्याच देवळात, नवस म्हणून नग्न पूजेची चाल होती. मार्च १९८६ मध्ये ती थांबवायला कार्यकर्ते आणि पोलीस गेले. जमाव उलटला, मारहाण झाली, काही पोलिसांचेसुद्धा कपडे उतरवले गेले. सरकारनं पुढे ती पूजा बंद केली हे खरं, पण बाहेरून आलेला माणूस कॅमेरा गळ्यात अडकवून एखाद्याच्या श्रद्धेला ‘हे बघा, किती मागास’ असं दाखवू लागला की काय होतं याचा तो धडा होता. धक्का देणारं सादरीकरण माणसाला विचार करायला लावेलच असं नाही. बरेचदा तो कानांत बोटं घालतो आणि आपलीच बाजू घट्ट धरून बसतो. संमेलनातून जे उठून गेले त्यांत सगळे काही दुष्ट नव्हते. दरवर्षी डोंगराला जाणारी, घरात यल्लम्माचा जग, म्हणजे टोपलीत बसवलेली देवी, ठेवणारी साधी माणसंही त्यांत होती.

मला हे मान्य आहे. पण यावरून धक्काच नको हा निष्कर्ष निघतो का? १५ जुलै २००४ या दिवशी इंफाळमध्ये कांगला किल्ल्याच्या दारात बारा बायका विवस्त्र उभ्या राहिल्या. मनोरमा या तरुणीला आसाम रायफल्सच्या जवानांनी घरातून उचललं होतं आणि नंतर तिचं छिन्नविच्छिन्न प्रेत सापडलं होतं. ‘भारतीय लष्करा, आमच्यावर बलात्कार कर’ असा फलक त्या बायकांनी धरला होता. त्यातल्या बहुतेक वयस्क, लेकुरवाळ्या, देवधर्म करणाऱ्या होत्या. कुणी त्यांना मागास म्हणून दाखवत नव्हतं, त्याही कुणाच्या श्रद्धेवर चालून गेल्या नव्हत्या. त्यांनी सत्तेची भाषा सत्तेलाच ऐकवली. त्या वर्षअखेरीच्या आत कांगला किल्ला आसाम रायफल्सनं रिकामा केला आणि इंफाळ नगरपालिकेच्या हद्दीतून लष्करी विशेषाधिकाराचा कायदा उठला. बाकी राज्यात तो तसाच राहिला, हेही सांगायला हवं. आणखी एक गोष्ट त्याआधीची. २००० साली मणिपुरी दिग्दर्शक कन्हाईलाल यांच्या नाटकात सावित्री हैस्नाम या ज्येष्ठ नटी, महाश्वेता देवींच्या कथेतली द्रौपदी म्हणून, रंगमंचावर विवस्त्र झाल्या होत्या. तेव्हा इंफाळमध्ये त्यावर टीकेची झोड उठली. चार वर्षांनी किल्ल्याच्या दारात बायका उभ्या राहिल्या तेव्हा त्या टीकेचं काय झालं असेल? चंद्रगुत्ती आणि कांगला यांतला फरक धक्क्याच्या तीव्रतेत नाही. कांगलाच्या दारात ज्यांचं अंग होतं त्यांनीच ठरवलं होतं, आणि बोट सत्तेकडे होतं. चंद्रगुत्तीत बोट गरीब, बहुतांशी खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या भाविकाकडे होतं.

संमेलनातल्या विरोधाचा दुसरा धागा सीमाभागाचा खास आहे. मराठी इथं आधीच अल्पसंख्य, पाट्या कन्नड, कागदपत्रं कन्नड, सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा सीमाप्रश्नावरचा २००४ चा दावा अजून लटकलेला. अशा वेळी घरातली भांडणं चव्हाट्यावर आणून समाजात फूट कशाला पाडायची? आधी सीमाप्रश्न सुटू दे, मग बायकांचं बघू. हा युक्तिवाद आम्ही एवढ्या वेळा ऐकला आहे की तो ओळखीच्या पाहुण्यासारखा न विचारता आत येऊन बसतो. १८९५ साली पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा सामाजिक परिषदेला काँग्रेसच्या मंडपात पाऊल ठेवू द्यायचं नाही म्हणून केवढा गदारोळ झाला! आधी राजकीय, मग सामाजिक. शेवटी रानड्यांना परिषद दुसरीकडे भरवावी लागली. स्वराज्य आलं, राज्यपुनर्रचना झाली, आणि ‘मग’ अजून यायचा आहे. सीमालढ्याच्या हुतात्म्यांची यादी आपण दर १७ जानेवारीला वाचतो. त्यात निपाणीच्या कमळाबाई मोहिते आहेत. गोळ्या झेलायला बाई चालते, तर तिचं गाऱ्हाणं रांगेत शेवटी का उभं राहावं?

शिवाय प्रयोगाला नाकं मुरडणारे आपण स्वतः काय करत आलो? १ नोव्हेंबरला, हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिवशी, काळे कपडे घालून, दंडाला काळ्या फिती बांधून मूक सायकल फेरी काढतो. हे सादरीकरण नाही तर काय आहे? घोषणांपेक्षा ते मौन आणि तो काळा रंग जास्त बोलतो हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर दरवर्षी परवानगीवरून ताणाताणी होते. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले, त्याच्या सुरस कथा आजही सांगितल्या जातात, आणि सांगणाऱ्याची छाती फुगलेली असते. पुढाऱ्यानं वेष पालटला तर गनिमी कावा, कॉलेजच्या मुलीनं जोगतिणीचा वेष घेतला तर नाटकी. हा न्याय कुठला?

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा आहे. नाटकं, कविता, बांगड्या फोडणं यांनी काही बदलत नाही, कायद्यानं बदलतं. देवदासीच्या बाबतीत तरी हे म्हणणाऱ्यानं इतिहास तपासावा. मुंबई प्रांताचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा आणि बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता. कर्नाटकानं १९८२ साली मुली सोडण्यावर बंदीचा वेगळा कायदा केला. या दोन तारखांच्या मध्ये जवळपास अर्धं शतक, आणि बंदीनंतरही कर्नाटकात झालेल्या दोन सर्वेक्षणांत मिळून ४६,६६० माजी देवदासींची नोंद झाली. कायदा होता, लाज जागची हललेली नव्हती. लाज अजून मणी बांधलेल्या बाईच्याच वाट्याला होती. बांधणारा पुजारी, पैसे मोजणारा सावकार, पोरगी सोडणारा भाऊ हे उजळ माथ्यानं फिरत होते. ही लाज एका अंगावरून दुसऱ्या अंगावर नेण्याचं काम कलमं करत नाहीत. निपाणी-गडहिंग्लज पट्ट्यातल्या देवदासी निर्मूलनाच्या चळवळीत या बायका स्वतः मोर्च्यांत उतरल्या, व्यासपीठावर येऊन बोलल्या, तेव्हा कुठं ती थोडी सरकली.

उलट बाजूही तितकीच खरी. नुसतं लिहूनही होत नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर प्रवचनं सुरू झाली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी संतापून १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. अजूनही वाचताना चटका बसतो इतकं ते धारदार आहे. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली, बाकीच्यांनी टोमणे मारले, आणि पुस्तक जे बुडालं ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी बाहेर काढेपर्यंत बुडालेलंच राहिलं. मागे उभी राहणारी बायकांची गर्दी नव्हती. रखमाबाईंचं प्रकरण याच्या जवळचं आणि तरी वेगळं. त्यांनी १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावानं टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली. मार्च १८८७ मध्ये न्यायालयानं नवऱ्याकडे नांद, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं, तेव्हा त्या तुरुंगाला तयार झाल्या. पत्रांनी वाद पेटला होता. तुरुंगात जायला निघालेली बाई डोळ्यांसमोर आली तेव्हा मात्र तो विलायतेपर्यंत पोचला. शंभर वर्षांनी तेच पुन्हा दिसतं. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात आरोपी पोलीस सुटले, त्यावर सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ८ मार्च १९८० ला शहराशहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकर यांचं ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आलं आणि गावोगाव फिरलं. ज्या बाईनं आयुष्यात वर्तमानपत्र हातात धरलं नव्हतं तिच्यापर्यंत ते चालत गेलं. यातलं पत्र काढून टाका किंवा रस्ता काढून टाका, उरतं काय?

आता ज्या आक्षेपापाशी मलाच थांबावं लागतं तिथं येते. तो विरोधकांनी घेतलेला नाही. संमेलन संपल्यावर मंडपाच्या मागे भांडी घासणाऱ्या बायकांत बसलेल्या एका जोगतिणीनं घेतला. मी तिला विचारलं, आक्का, कसं वाटलं? तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्यात सारत ती म्हणाली, “बरं केलं की पोरींनी. खरं, चौंडकं हातात धरायला येत न्हाई त्या पोरीला. आनि माझी गोस्ट सांगितली, मला कुठं विचारलं?” वहीतलं एक वाक्य तिचं होतं. कुणीतरी कधीतरी सर्व्हे का प्रकल्प म्हणून ते टिपून नेलं होतं आणि तिथून ते मुलींच्या हाती लागलं.

हा आक्षेप विटंबनेच्या शंभर पत्रांहून भारी आहे. दुःख तिचं, टाळी दुसऱ्याची, फोटो तिसऱ्याच्या मोबाइलमध्ये. देवाला सोडल्या गेल्या त्या बहुतेक दलित आणि गरीब घरांतल्या मुली. त्यांची परडी शिकल्या-सवरल्या घरातल्या मुलीनं वीस मिनिटं हातात धरली आणि खाली ठेवून ती घरी गेली. जोगतिणीला ती खाली ठेवता येते का? कलास्वातंत्र्यवाल्यांकडे यावर उत्तर नाही, कारण त्यांच्या लेखी प्रयोग करणारी ती कलाकार आणि बाकी सगळं साहित्य. बंगळूरमध्ये २००३ पासून काम करणाऱ्या ‘ब्लँक नॉइज’नं छेडछाड झाली त्या वेळी अंगावर असलेले कपडे बायकांकडून मागून घेतले आणि तेच लोकांसमोर मांडले, तिथं वस्तू देणारीनं ती देऊन स्वतःच बोलायचं ठरवलं होतं. चिलीतल्या वालपरायसो शहरात २०१९ मध्ये लास तेसिस या गटानं डोळ्यांना पट्ट्या बांधून म्हटलेलं गाणं देशोदेशी गेलं. रीता सेगातो या अभ्यासिकेच्या लेखनातून ते उतरलं होतं, आणि जिथं जिथं ते गेलं तिथल्या बायकांनी स्वतःचे पोलीस, स्वतःचे न्यायाधीश त्यात घातले. म्हणजे उसनं घेणं हाच दोष असेल असं नाही. विचारून घेतलं का, आणि मूळ मालकिणीला त्यात बदल करायला जागा ठेवली का, हे बघावं लागतं.

आणि याचा वस्तुपाठ शोधायला चिलीपर्यंत जायचीही गरज नाही. बेळगावहून तासा-दीड तासाच्या वाटेवर निपाणी आहे. तिथल्या तंबाखूच्या वखारींत बायका दिवसभर तंबाखू झोडपायच्या, चाळायच्या. धूळ नाकातोंडात, पदर नाकाला बांधलेला, मजुरी मालक देईल ती. वखारीच्या फाटकाजवळून नुसतं जाताना ज्याला ठसका लागला आहे त्याला आतला दिवस कसा जात असेल ते सांगावं लागत नाही. या बायकांनी संघटना बांधली, संप केला. १९८२ साली ‘युगांतर’ या स्त्रीवादी चित्रपटगटानं, दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, चार महिने निपाणीत राहून ‘तंबाकू चाकीला ऊब आली’ हा छोटा माहितीपट केला. काय दाखवायचं, कुठं दाखवायचं हे कामगार बायकांबरोबर बसून ठरत गेलं. आपण कसे जमलो, कसे बोललो हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर स्वतः पुन्हा उभं केलं. पडद्यावर त्या बिचाऱ्या दिसत नाहीत. एकमेकींशी हुज्जत घालणाऱ्या, हसणाऱ्या, मालकाची नक्कल करणाऱ्या बायका दिसतात, आणि त्यांच्या तोंडी निपाणीची मराठी आहे, कन्नडच्या हेलासकट. बेळगावच्या किती कॉलेजांत हा माहितीपट दाखवला गेला असेल? पथनाट्य स्पर्धांचे विषय ठरवणाऱ्या प्राध्यापकांपैकी किती जणांना त्याचं नाव माहीत असेल? चाळीस वर्षांपूर्वी आपल्या उंबऱ्यात जे झालं त्याची खबर नाही, आणि पोरींनी काही केलं की ते परदेशी खूळ.

तेव्हा त्या चार मुलींना माझं सांगणं पाठ थोपटण्यापुरतं नाही. प्रयोग बंद करू नका. ती वही मात्र आधी तिच्या मालकिणींकडे न्या. वाक्य वाचून दाखवा, ‘हे नको’ म्हणाली तर काढा, ‘हे घाल’ म्हणाली तर घाला, चौंडकं कसं धरायचं ते शिका, आणि त्यांच्यापैकी कुणाला स्वतः उभं राहायचं असेल तर तुम्ही दोरीमागे बसा. मग फॉर्मवरच्या त्या बापाच्या नावाचं बघा. ते तुमच्या प्रयोगातलं सर्वांत ताकदीचं वाक्य होतं आणि त्यावर बांगडी फोडून तुम्ही पुढे गेलात. २०२५ साली कर्नाटकानं देवदासींच्या पुनर्वसनासह नवा कायदा मंजूर केला, त्यात मुलांच्या हक्कांचा आणि बापाच्या नावाच्या सक्तीचा विचार आहे. सर्वेक्षणातून सुटलेल्या बाईला पेन्शनच्या रांगेतही उभं राहता येत नाही, हा जुना घोळ तर आहेच. प्रयोग झाल्यावर मंडपाच्या दाराशी एक टेबल, दोन कोरे अर्ज आणि मराठी-कन्नड दोन्ही लिहिता येणारी एक मुलगी एवढं ठेवायला काय लागतं? सीमेपलीकडे शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ च्या ग्रामसभेत कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. पंधरवड्यात महाराष्ट्र सरकारनं त्याचं परिपत्रक काढलं. ठराव म्हणजे शेवटी एक कागद, पण तो गावाच्या सहीचा. आपल्या बाजूच्या किती ग्रामपंचायतींसमोर तो मजकूर कुणी ठेवला?

संमेलनवाल्यांनाही एक सांगायचं आहे. पुढच्या हिवाळ्यात गावोगाव पुन्हा मंडप पडतील. त्यात एक सत्र या बायकांना द्या: भाषण नको, मुलाखतही नको, त्यांना जे आणि जसं सांगायचं असेल तसं, गाऊन, रडून, शिव्या देऊन. पाहुण्याला देता तेवढंच मानधन द्या. एका समितीतल्या गृहस्थांपाशी हे बोलले तर त्यांची अडचण वेगळीच निघाली. “त्या अर्ध्या कन्नडात बोलतात हो, ताई. मराठी संमेलनात ते कसं चालेल?” चालवून घ्या. खडेबाजारात भाव करताना आपण तेवढं कन्नड रोज ऐकतो, बोलतोही.